शिकवता शिकवता भाषाविज्ञान

ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स शब्दकोश महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत, शाळांत आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत दिसतो. त्याचा जन्म जपानमधला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून इंग्रजी विषय घेऊन बाहेर पडलेले आल्बर्ट सिडनी हॉर्नबी १९२४ साली क्यूशू बेटावरच्या ओइता शहरात शिकवायला गेले. तिथे त्यांचे लक्ष साहित्यावरून भाषेच्या रचनेकडे वळले. शब्दाचा अर्थ पाठ असूनही विद्यार्थ्याचे वाक्य चुकते, कारण कोणत्या क्रियापदापुढे काय येते आणि काय येत नाही हे त्याला कोशात कुठेच सापडत नाही. ‘एक्सप्लेन’चा अर्थ येणारा मुलगा बिनदिक्कत ‘एक्सप्लेन मी’ लिहून मोकळा होतो. तोक्योत हॅरल्ड पामर याच प्रश्नांमागे लागले होते. जपानच्या शिक्षण खात्याने त्यांना १९२२ मध्ये भाषा-सल्लागार म्हणून बोलावले होते आणि पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था उभी केली होती. हॉर्नबी तिच्या कामात ओढले गेले. गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जो कोश तयार केला, त्यात इंग्रजी क्रियापदांच्या वापराचे २५ साचे करून दिले होते. १९४२ मध्ये कैताकुशा या जपानी प्रकाशनाने तो काढला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तोच पुन्हा छापून जगभर नेला.

हे उदाहरण एकट्या हॉर्नबींचे नाही. मायकेल वेस्ट ढाक्यात शिक्षण खात्यात नोकरीला होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून नेमके कोणते शब्द आधी शिकवायचे, या त्यांच्या ध्यासातून पुढे सुमारे २,००० शब्दांची प्रसिद्ध यादी १९५३ मध्ये आली. आणि आपल्याच देशात १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये, व्याकरण बाजूला ठेवून कृतींमधून भाषा शिकवण्याचा जो प्रयोग केला, तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून आज जगातल्या बहुतेक अध्यापन-अभ्यासक्रमांत वाचावा लागतो. उपयोजित भाषाविज्ञान या विद्याशाखेचा मोठा भाग असा घडला: परक्या मुलखातल्या, साधनांची चणचण असलेल्या वर्गांत, रोज फळ्यासमोर उभे राहणाऱ्या माणसांच्या हातून.

म्हणून परदेशात इंग्रजी शिकवणारा एखादा शिक्षक नोकरी न सोडता भाषाविज्ञानाची पदवी घ्यायचा विचार करतो, तेव्हा तो काही तडजोड करतो आहे असे मला वाटत नाही. तो या विषयाच्या मूळ जागीच उभा असतो. पदवी कोणती निवडायची, हा मात्र खरोखर अवघड प्रश्न आहे, आणि तो बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सोडवायला घेतात. विद्यापीठाचे नाव आणि फी आधी पाहतात, वर्गाकडे शेवटी.

आजचा असा शिक्षक कोण असतो? जपान सरकारचा जेट कार्यक्रम १९८७ पासून परदेशी तरुणांना सरकारी शाळांत साहाय्यक भाषा-शिक्षक म्हणून नेतो. कोणत्याही विषयाची पदवी चालते आणि करार जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढतो. दक्षिण कोरियात ‘हागवॉन’ म्हणजे खासगी शिकवण्या, जपानात ‘एइकाइवा’ म्हणजे इंग्रजी संभाषणाचे वर्ग, व्हिएतनाममध्ये भाषा-केंद्रे, ओमान आणि सौदीत विद्यापीठपूर्व इंग्रजीचे विभाग. इथे येणारी माणसे इतिहास, अर्थशास्त्र, कधी अभियांत्रिकी शिकून आलेली असतात. हाताशी फार तर सेल्टासारखे चार आठवड्यांचे प्रमाणपत्र असते. त्यात १२० तास शिकणे आणि सहा तास प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, एवढेच बसते. वर्ग कसा चालवायचा हे त्यातून येते. मुले एकच चूक वर्षभर का करत राहतात, याचे उत्तर त्यात नसते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हे ‘का’ साचू लागते, त्याच सुमारास करार संपत येतो, आणि पुढची बरी नोकरी पदव्युत्तर पदवी मागते.

घरी बसून पदवी घेण्याची सोय तशी जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये बाहेरून परीक्षा देण्याची वाट मोकळी केली, ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले, इग्नू १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आले. इंग्रजीच्या शिक्षकांसाठी दूरस्थ एम. ए. म्हटले की बर्मिंगहॅम, लेस्टर, लँकेस्टर ही ब्रिटिश आणि मॅक्वारी, न्यू इंग्लंड ही ऑस्ट्रेलियन विद्यापीठे वर्षानुवर्षे घेतली जाणारी नावे. अभ्यासक्रम बंद होतात, नव्या नावाने उघडतात, म्हणून आजची यादी त्या-त्या विद्यापीठाकडूनच घ्यावी. नावांपेक्षा महत्त्वाचे हे की प्रत्येक विभागाचा एक पिंड असतो. बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांनी खऱ्या वापरातल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकावर गोळा केला आणि त्यातून १९८७ मध्ये कोबिल्ड शब्दकोश आला. शब्द एकमेकांच्या सोबतीने कसे वावरतात, हे पाहण्याची सवय त्या विभागाने जगाला लावली. सिडनीच्या परिसरात मायकेल हॅलिडे यांची छाप आहे: भाषा म्हणजे अर्थ करण्यासाठी उपलब्ध असलेल्या पर्यायांचे जाळे, आणि व्याकरण हे त्या निवडींचा हिशेब. माहितीपत्रकात हे दोन्ही अभ्यासक्रम सारखेच दिसतील, पण दोन वर्षांनी बाहेर पडणारा शिक्षक मुलाचा निबंध वेगळ्या डोळ्यांनी वाचेल.

आता निवडीचा गाभा. भाषाविज्ञान, उपयोजित भाषाविज्ञान आणि टेसॉल म्हणजे इतरभाषकांना इंग्रजी शिकवण्याचे शास्त्र, या तीन पाट्या शेजारी शेजारी असतात आणि लोक त्या एकच समजतात. शुद्ध भाषाविज्ञानात ध्वनी, शब्दघटना, वाक्यरचना, अर्थ, भाषांचे इतिहास आणि नाती असतात. वर्गाचा उल्लेख वर्षभर न येण्याची शक्यता आहे. टेसॉलमध्ये पाठ्यक्रम, परीक्षा, साहित्यनिर्मिती, शिक्षक-प्रशिक्षण असते, आणि ध्वनिशास्त्राला एखाद्या मॉड्यूलचा कोपरा मिळतो. उपयोजित भाषाविज्ञान या दोहोंमध्ये बसते: माणूस दुसरी भाषा कशी आत्मसात करतो, चुका कुठून येतात, समाजात भाषेची प्रतवारी कशी लागते. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडले की शिकणाऱ्याच्या चुका हा कचरा नव्हे; त्याच्या डोक्यात त्या वेळी भाषेची कोणती व्यवस्था उभी आहे, त्याचा तो पुरावा असतो. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये त्या अधल्यामधल्या व्यवस्थेला स्वतंत्र नाव दिले. लाल शाईची सवय असलेल्या शिक्षकाला या दोन लेखांनी जेवढे हलवले असेल तेवढे क्वचितच कशाने हलवले असेल.

माझे मत स्पष्ट आहे. ज्याला पुढची २० वर्षे वर्गात काढायची आहेत आणि शाळेचा समन्वयक किंवा प्रशिक्षक व्हायचे आहे, त्याने टेसॉल घ्यावे. किंवा पदवीऐवजी डेल्टा ही अनुभवी शिक्षकांसाठीची पदविका घ्यावी, कारण त्यात तुमचे शिकवणे कुणीतरी प्रत्यक्ष पाहून तपासते आणि बहुतेक दूरस्थ एम. ए.मध्ये तसे होत नाही. ज्याला विद्यापीठात शिकवायचे आहे त्याने उपयोजित भाषाविज्ञान घ्यावे. आणि ज्याला भाषा याच गोष्टीचे वेड लागले आहे, ज्याच्या वहीत कोरियन प्रत्ययांच्या याद्या आहेत, त्याने नोकरीचा हिशेब थोडा बाजूला ठेवून शुद्ध भाषाविज्ञानच घ्यावे. ते वेड पुन्हा येत नाही, आणि वाक्यरचनेचा एखादा कंटाळवाणा आठवडा तेच वेड पार करून देते.

दूरस्थ भाषाविज्ञान म्हटले की एक शंका नेहमी येते: ध्वनिशास्त्र घरबसल्या कसे शिकणार? कान तयार करायला गुरू समोर लागतो, हे खरे आहे. पण परदेशातल्या शिक्षकाकडे असे काही असते जे लंडनच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याकडे नसते. रोज ३०-४० जिवंत आवाज त्याच्यासमोर असतात.

कोरियाचे उदाहरण घेऊ. कोरियनमध्ये ‘पुल्’सारखे तीन शब्द आहेत: एक विस्तव, एक गवत, एक शिंग. तिघांच्या सुरुवातीचे ओष्ठ्य व्यंजन शब्दारंभी अघोषच असते, म्हणजे कंठातले तंतू तेव्हा थरथरत नाहीत. फरक असतो तो श्वासाच्या झोताचा आणि गळ्याच्या ताणाचा. मराठी माणसाला ही वाटणी वेगळी पडते. आपल्याकडे ताट, थाट, दाट, धाट असे चार खण आहेत, घोष आणि महाप्राण यांच्या जोड्यांनी केलेले. इंग्रजीचे तिसरेच. ‘पिन’मधला प इंग्रज माणूस श्वासाचा झोत देऊन म्हणतो, पण त्याच्या लेखी तो झोत अर्थ बदलत नाही. १९६४ मध्ये ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन यांनी अकरा भाषांमधली अशी व्यंजने मोजली. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून कंठातला कंप सुरू होईपर्यंत किती हजारांश सेकंद जातात, हे त्यांनी पाहिले. त्या अकरा भाषांत कोरियन होती आणि मराठीही होती. या एका मापाने बहुतेक भाषांची व्यंजने सुटी झाली, पण मराठी-हिंदीतले ध, भ आणि कोरियनमधले ते त्रिकूट त्यांना पुरते दाद देईना. त्यामागे आणखीही काही दडले आहे, हे त्यामुळेच कळले.

सोलमध्ये शिकवणाऱ्या मराठी शिक्षिकेला लिस्कर-अब्रामसन यांचे हे संशोधन वाचताना काय मिळेल, ते पाहा. ती ‘पिन’ म्हणते तेव्हा तिचा प मराठी वळणाचा, झोत नसलेला असतो. इंग्रज कानाला तो ‘बिन’कडे झुकलेला वाटू शकतो आणि कोरियन मुलांना आपल्या ताणलेल्या व्यंजनासारखा ऐकू येण्याची बरीच शक्यता आहे. ध्वनिमुद्रणातला अमेरिकन आवाज ‘पिन’ म्हणतो तेव्हा तीच मुले तो झोतवाल्या खणात टाकतात. एकाच शब्दाचे दोन उच्चार मुलांना दोन वेगळ्या ध्वनींसारखे भासतात, आणि आपले शिकवणे का बसत नाही याचे कोडे शिक्षिकेला वर्षभर पडलेले असते. ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या पॉल बूर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेली प्राट ही संगणकप्रणाली फुकट मिळते. तिच्यात स्वतःचा आणि मुलांचा आवाज टाकून तो झोत पडद्यावर मोजता येतो. यातून ध्वनिशास्त्राचा एक पूर्ण असाइनमेंट उभा राहतो, आणि तो लिहायला पूर्ण वेळ एम. ए. करणाऱ्याला विषय शोधत फिरावे लागले असते.

जपानमध्ये तर विषय पायाशी लोळतात. ‘स्ट्राइक’ला जपानी मूल ‘सुतोराइकु’ म्हणते तेव्हा साधा शिक्षक त्याला स्वर गिळायला सांगतो आणि दमतो. १९९९ मध्ये एमान्युएल दुपू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की जपानी श्रोत्यांना ‘एब्झो’सारख्या निरर्थक शब्दातही मध्ये एक ‘उ’ ऐकू येतो, जो ध्वनिमुद्रणात नसतोच. म्हणजे मूल जिभेचा आळस करत नाही. त्याच्या भाषेच्या घडणीत दोन व्यंजने अशी शेजारी बसत नाहीत, म्हणून त्याचा कानच तिथे स्वर भरून घेतो. हे कळलेला शिक्षक उच्चाराची घोकंपट्टी थांबवून आधी ऐकण्याचा सराव देईल. ‘र’ आणि ‘ल’बाबतही तसेच. १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांच्या प्रयोगात जपानी प्रौढांना अनेक वेगवेगळ्या माणसांच्या आवाजांत हे ध्वनी ऐकवले, तेव्हा त्यांची ओळख सुधारली. याचा वर्गातला अर्थ असा की शिक्षकाने एकट्याच्या आवाजावर विसंबू नये. इंग्रजी मातृभाषा असलेला एकच ‘आदर्श’ आवाज हवा, या समजुतीला यातून चांगला धक्का बसतो. पुण्याचा, मनिलाचा, लागोसचा आवाज वर्गात असणे, हे कानासाठी भलेच आहे.

इथे ब्रज कच्रू यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. श्रीनगरात जन्मलेल्या या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली: जिथे ती मायबोली आहे ते देश, जिथे ती राज्यकारभारातून रुजली ते भारतासारखे देश, आणि जिथे ती परकी म्हणून शिकतात ते जपान-कोरियासारखे. दुसऱ्या वर्तुळातली इंग्रजी ही बिघडलेली नाही, तिची स्वतःची घडी आहे, असे ते ठासून सांगत. रँडॉल्फ क्वर्क यांच्याशी १९९०-९१ मध्ये त्यांचा याच मुद्द्यावर झालेला वाद आजही अभ्यासक्रमांत वाचायला लावतात. मराठी शिक्षक दुसऱ्या वर्तुळातून उठून तिसऱ्यात शिकवायला जातो. त्याच्यासाठी हा वाद पुस्तकी राहत नाही. तो त्याच्या मुलाखतीत, पगारात आणि व्हिसाच्या अर्जात भेटतो. अभ्यासक्रम निवडताना त्यात जागतिक इंग्रजीचा किंवा समाजभाषाविज्ञानाचा भाग आहे का, हे पाहा असे मी प्रत्येक भारतीय शिक्षकाला सांगेन. स्वतःच्या इंग्रजीबद्दलचा न्यूनगंड त्याने जितका जातो तितका दुसऱ्या कशाने जात नाही.

आता व्हिसाचे आणि मान्यतेचे. हा भाग कोरडा आहे, पण पैसे आणि वर्षे इथेच वाया जातात. जपानमध्ये इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा घेताना, इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही त्याने किमान १२ वर्षे इंग्रजी माध्यमातून शिकल्याचे दाखवावे लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्याची ही कमतरता भाषाविज्ञानाच्या एम. ए.ने आपोआप भरून निघत नाही. कोरियाच्या सरकारी शाळांच्या एपिक कार्यक्रमात सात इंग्रजीभाषक देशांचेच नागरिक घेतात. भारतीयांसाठी २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारातून साहाय्यक शिक्षकाची एक वेगळी, अरुंद वाट आहे, आणि तिथे इंग्रजीची पदवी व शिक्षक-पात्रता दोन्ही मागतात. जपानी विद्यापीठांत इंग्रजी शिकवण्याच्या जागा बहुधा पदव्युत्तर पदवी आणि काही छापून आलेले लेख मागतात; तिथे चांगल्या विद्यापीठाची दूरस्थ एम. ए. घेऊन लागलेले शिक्षक बरेच आहेत. आखाती देशांत मात्र पदवीची पडताळणी करताना शिक्षण हजर राहून झाले की दूरस्थ, हे विचारले जाऊ शकते, आणि दूरस्थ उत्तरावर जागा हातची जाऊ शकते. अनेक ब्रिटिश विद्यापीठे प्रमाणपत्रावर शिकण्याची पद्धत लिहीत नाहीत. म्हणून कुणी ती लपवण्याचा सल्ला दिला तर ऐकू नका. पडताळणी थेट विद्यापीठाकडे जाते.

भारतात परतायचे असेल तर गोष्ट आणखी नाजूक होते. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या भारतीय विद्यापीठाची दूरस्थ पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. परदेशी पदवीला समकक्षता देण्याच्या आयोगाच्या २०२५ च्या नियमांत मात्र शिक्षण नियमित, प्रत्यक्ष हजेरीचे असावे, दूरस्थ किंवा ऑनलाइन नसावे, अशी अट आहे. म्हणजे लाखो रुपये भरून मिळवलेली ब्रिटिश दूरस्थ एम. ए. पुण्यात प्राध्यापकपदाच्या अर्जाला उपयोगी न पडण्याचा धोका आहे. ज्याला चार-पाच वर्षांत परत येऊन कॉलेजात शिकवायचे आहे, त्याने इग्नू, हैदराबादचे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ यांच्याकडे आधी पाहावे, किंवा परदेशातली नोकरी संपवून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पूर्ण वेळ भाषाविज्ञान करावे. डेक्कन कॉलेजचे नाव मी केवळ जवळचे म्हणून घेत नाही. भारतात आधुनिक भाषाविज्ञान रुजले ते बरेचसे १९५० च्या दशकात तिथे भरलेल्या शिबिरांमधून.

वेळेचा हिशेब अर्ज भरण्याआधी कागदावर मांडावा. ब्रिटिश एम. ए. १८० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटला दहा तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे १,८०० तास. अडीच वर्षांत ती संपवायची तर आठवड्याला सुमारे १४ तास होतात. रोज रात्री दोन तास, एकही सुटी न घेता. जेटच्या शिक्षकाचे कामाचे आठवड्याचे तास साधारण ३५ असतात, पण शरद ऋतूत जपानी शाळेत क्रीडास्पर्धा आणि सांस्कृतिक महोत्सव येतात आणि शिक्षक संध्याकाळीही शाळेतच सापडतो. नेमके तेव्हाच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ब्रिटिश विद्यापीठांचे वर्ष सुरू होते. कोरियात शाळेचे वर्ष मार्चमध्ये सुरू होते, ऑस्ट्रेलियन विद्यापीठांचेही त्याच आसपास. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात संध्याकाळी सहाला ठेवलेले चर्चासत्र तोक्योत पहाटे तीनला ऐकावे लागते. सिडनीत संध्याकाळी सातचे सत्र तोक्योत पाच-सहालाच येते. माहितीपत्रकातली ‘लवचीक’सारखी विशेषणे वाचण्यापेक्षा हा घड्याळाचा प्रश्न आधी विचारावा. चर्चासत्रे नंतर ऐकता येतात का, एखादे मॉड्यूल सहा महिने पुढे ढकलता येते का, फी मॉड्यूलनिहाय भरता येते का? येनमध्ये पगार आणि पाउंडांत फी असेल तर शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण दोन वर्षांत विनिमयदर कुठे जाईल हे कुणीच सांगू शकत नाही.

ग्रंथालयाकडे लोकांचे लक्ष जात नाही. गुन्मा प्रांतातल्या डोंगरात किंवा मध्य व्हिएतनाममधल्या छोट्या गावात राहणाऱ्या शिक्षकाला छापील इंग्रजी ग्रंथ कुठून मिळणार? दूरस्थ विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या सगळ्या नियतकालिकांत आणि ई-पुस्तकांत पूर्ण प्रवेश आहे की निवडक, हे लेखी विचारून घ्यावे. माझ्या दृष्टीने फीमधला निम्मा मोबदला हाच असतो. उरलेला निम्मा ट्यूटरचा: असाइनमेंटवर तो चार ओळी लिहितो की चार पाने, आणि प्रबंधासाठी मार्गदर्शक कधी नेमला जातो. आधी शिकून गेलेल्या दोघा-तिघांशी बोलल्याशिवाय हे कळत नाही, आणि विद्यापीठाला विचारले तर ते अशी माणसे बहुधा गाठून देते.

प्रबंध हा या सगळ्या खटाटोपाचा शेंडा. तो साधारण १२ ते १५ हजार शब्दांचा असतो आणि तो कपाटात पडून राहायचे काही कारण नाही. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात एम. ए.साठी सुमारे ३५ लाख शब्दांचे शैक्षणिक लेखन चाळून ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. ती २००० साली प्रसिद्ध झाली आणि आज विद्यापीठपूर्व इंग्रजी शिकवणारा शिक्षक मस्कतमध्ये असो की हनोईत, ती त्याच्या हाताशी असते. प्रत्येकाच्या हातून एवढे मोठे काम होणार नाही. पण स्वतःच्या शाळेतल्या मुलांचे १०० निबंध घेऊन, तोक्योच्या वासेदा विद्यापीठातल्या लॉरेन्स अँथनी यांच्या अँटकॉन्क या फुकट प्रणालीत टाकून, मुले ‘मेक’ आणि ‘डू’ कुठे उलटसुलट करतात हे शोधणे कुणालाही जमते. त्या गावात, त्या मुलांवर तसे काम आधी कुणी केलेले नसण्याची शक्यता दाट असते.

मात्र एक गोष्ट काटेकोरपणे पाळायची. मुलांचे आवाज आणि लेखन ही त्यांची मालमत्ता आहे. मुख्याध्यापकांची, पालकांची आणि मुलांची लेखी संमती त्यांच्या भाषेत घ्यावी, विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी मिळवावी, आणि नाही म्हणणाऱ्या मुलाच्या गुणांवर वर्गात त्याचा कणभरही परिणाम होऊ देऊ नये. परदेशी शिक्षकाला नाही म्हणणे जपानी पालकांना जड जाते. म्हणून नकाराची वाट सोपी करून ठेवणे ही आपलीच जबाबदारी राहते. या मंजुरीला दोन-तीन महिने लागू शकतात, आणि करार मार्चमध्ये संपत असेल तर तोवर वर्गच हातातून गेलेला असतो. म्हणून प्रबंधाचा विचार शेवटच्या वर्षावर टाकू नये.

तुम्ही आज परदेशात कुठेतरी इंग्रजी शिकवत असाल आणि अशा पदवीचा विचार करत असाल, तर अर्ज भरण्याआधी एक महिना वर्गात वही ठेवा आणि मुलांच्या ज्या चुकीचे कारण तुम्हाला सांगता येत नाही ती प्रत्येक चूक तारखेसह टिपा. मग ज्या विभागांचा विचार चालला आहे तिथल्या प्राध्यापकांचे लेख काढून पाहा. तुमच्या वहीतल्या प्रश्नांवर जिथे कुणीतरी काम करत आहे, तिथे अर्ज करा. तसे कुणी सापडले नाही, तर एक वर्ष थांबा. फी पुढच्या वर्षीही भरता येईल.